एक अणू जास्त

आई गेली त्या आठवड्यात तिला एकच गोष्ट छळत होती, आणि ती तिची तब्येत नव्हती. तिच्या एका विद्यार्थिनीच्या गणितात दरवेळी एक अणू जास्त येत होता आणि तो कुठून येतो हे आईला सापडत नव्हतं.

बुधवारी तिचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात कामावर होते. टेबलाच्या पलीकडे दोन माणसं पुस्तकं परत करायला उभी होती. आईला ते दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी तिनं सुरुवात केलीच असती.

"ऐक. माझ्या बटणवालीचं सांगते. पाण्याच्या एका रेणूत अणू किती, विचारलं की तीन म्हणते. बरोबर. एक मोल पाण्यात अणू किती, विचारलं की चार मोल म्हणते. आता हा चौथा कुठून आणते ही?"

"गुणाकार चुकत असेल."

"गुणाकार नाही गं चुकत तिचा. तोंडी करते, तोही माझ्याआधी. आणि गंमत म्हणजे कधी कधी उत्तर अगदी बरोबर येतं. तू जरा ऐकतेस का? मी तिला कसं शिकवलं ते सांगते. तू कुठं अडतेस बघू."

समोरच्या माणसानं घड्याळाकडे पाहिलं.

"शनिवारी बोलू, आई. निवांत."

"शनिवारी नक्की?"

"नक्की."

शुक्रवारी सकाळी ती दूध आणायला उतरली, परत येताना जिन्यात दम लागला म्हणून पायरीवर बसली, आणि उठली नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी फोन केला तेव्हा मी नुकतीच कामावर पोचले होते. पिशवीत दूध तसंच होतं, असं त्या दोनदा म्हणाल्या. माणसं अशा वेळी काहीतरी सांगायचं म्हणून सांगतात.

आईनं आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत. शिकवायच्या आधी प्रत्येक नवा धडा ती माझ्यावर करून बघायची. मी शाळेत होते तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, नंतर मी दुसऱ्या शहरात गेले तेव्हा शनिवारी फोनवर. मला रसायनशास्त्र यावं अशी तिची अजिबात इच्छा नव्हती. मला कळल्यासारखं दाखवता येत नाही, तेवढंच तिला हवं असायचं. मी कुठे थांबते, कुठल्या वाक्याला "हं" म्हणायला उशीर करते, ते ती टिपायची आणि नेमकी तिथंच धड्याची शिवण उसवून पुन्हा घालायची. "तुला कळलं तर भिंतीलाही कळेल," असं ती माझ्या तोंडावर म्हणत असे. मला त्याचा राग यायचा नाही. नंतर मात्र माझे शनिवार भरत गेले. मी फोन करायची, पण धड्याची वेळ आली की घाईत असायची. तिनं तक्रार केली नाही. धडे माझ्यावर न बेतता थेट विद्यार्थ्यांच्या अंगावर जाऊ लागले, एवढंच.

मोलचा धडा त्यातलाच होता.

घर भाड्याचं होतं आणि महिनाअखेरीला रिकामं करायचं होतं. मी रजा काढून आले. मदतीला मावशी आली. ती आईची धाकटी बहीण. दोघींचं कधी पटलं नाही आणि दोघींना एकमेकींवाचून कधी करमलं नाही. मावशी सामान बांधता बांधता आईशी भांडत होती, आता उत्तर येत नाही हे ठाऊक असूनही.

"हे बघ. अकरा रिकाम्या बाटल्या. कशासाठी? धुऊन, पुसून, झाकणासकट. मी एकदा म्हटलं, मीठ भरून ठेव त्यात. तर मला म्हणाली, सोडियम क्लोराइड म्हण. त्या दिवशी तिच्या ताटात मीठ कमी होतं. म्हटलं, उठ आणि आपलं सोडियम क्लोराइड आपण घे."

"घेतलं?"

"घेतलं. आणि जास्त पडलं. पण खारट आहे असं म्हणाली नाही. मेली तरी म्हणाली नसती." मावशी थांबली. आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. मग तिनं दाराच्या खुंटीवरचा आईचा करडा कोट काढला आणि माझ्यासमोर धरला. "याचं काय करायचं? वरचं बटण नाहीच. तीन हिवाळे पिनेवर काढले हिनं. मास्तरीण आणि पिनेवर कोट."

"राहू दे सध्या."

"तू सगळ्यालाच राहू दे म्हणतेस. फळ्यालाही राहू दे. फळा तर न्यायचाय ना? मग लिहिलेला फळा नेता येत नाही, सांगून ठेवते. वाटेत पुसला जाईल."

पुढच्या खोलीतल्या फळ्यावर आईचं शेवटचं गणित होतं. अर्धा मोल सल्फ्युरिक आम्ल, त्यात ऑक्सिजनचे अणू किती? खाली दोन उत्तरं. एक आईचं, एक तिच्या विद्यार्थिनीचं. आईच्या उत्तरात एका रेणूमागे चार धरले होते, दुसऱ्यात पाच, आणि त्या पाचाभोवती आईनं इतक्या वेळा गोल फिरवला होता की खडूचा थर जमला होता. मी त्या खोलीत जात येत होते, खोकी नेत होते, पण फळ्याला हात लावला नव्हता. का, असं मावशीनं विचारलं असतं तर मला धड सांगता आलं नसतं. गणित अर्धवट आहे म्हणून, असं काहीतरी म्हटलं असतं.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात माझ्याहून थोडी लहान वाटणारी एक बाई उभी होती. अंगात कारखान्याचा फिकट निळा झगा, बाह्यांना दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले, हातात गुंडाळलेला मूलद्रव्यांचा तक्ता.

"बाईंचा तक्ता. परत द्यायचा होता."

दोरे पाहून मी ओळखलं, आणि तोंडातून निघून गेलं, "तुम्ही बटणवाली ना?"

ती हसली. "तुम्हालाही सांगितलं होतं बाईंनी? मला समोरही तेच म्हणायच्या. बाईंना नेलं त्या दिवशी मी आले होते, ताई. मागे उभी होते. पुढे यायचं कळलं नाही."

मी तिला आत घेतलं. ती शर्टांच्या कारखान्यात बटणं लावण्याच्या विभागात होती, आधी मशीनवर आणि आता सगळ्या टेबलांना लागतील तेवढी बटणं मोजून काढून देण्याच्या कामावर. तिला इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सहायक व्हायचं होतं. त्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा गुरुवारी होती, आणि पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. हे सगळं मावशीनं दोन मिनिटांत तिच्याकडून काढून घेतलं. मावशीला असं विचारता येतं.

"मग तयारी झाली?" मावशीनं विचारलं.

"मी बसणार नाही, मावशी. म्हणून तर तक्ता आणला."

"बसणार नाही म्हणजे?"

"दोनदा बसले. बाकी सगळं येतं. कुठलं कशात विरघळतं, कशाचा रंग कसा होतो, झोपेत विचारा. मोलची गणितं आली की एक जास्त. तिथंच गुण जातात. बाई म्हणायच्या, हे सापडलं की तू पास. आता बाईच नाहीत." तिनं तक्त्याची गुंडाळी मांडीवर सरळ केली. "रजेसाठी सुपरवायझरचं ऐकायचं, आणि परत नापास होऊन त्याच टेबलाशी बसायचं. सगळ्याजणी विचारणार, काय डॉक्टरीणबाई, लागला का निकाल. तिसऱ्यांदा नको वाटतं."

मावशीनं माझ्याकडे बोट केलं. "हिला विचार. हिच्या आईनं सगळे प्रयोग हिच्यावरच केलेत."

"मला काही येत नाही," मी म्हटलं. "खरंच येत नाही. शाळेनंतर पुस्तक उघडलेलं नाही."

"ते माहीत आहे," ती म्हणाली. "बाई म्हणायच्या, माझ्या मुलीला येत नाही हे फार सोयीचं आहे. मला वाटायचं, अशी कशी आई."

मी चहा ठेवायला आत गेले. मला थोडा वेळ हवा होता, दुसरं काही नाही. गुरुवारी परीक्षा आणि मी एका मोठ्या बाईला तिच्या विषयातलं ओ की ठो येत नसताना काय शिकवणार? पण आईनं बुधवारी माझ्याकडे जे मागितलं होतं, ते शिकवणं नव्हतंच. तिनं फक्त ऐक म्हटलं होतं. ते मला आताही करता येण्यासारखं होतं.

कप घेऊन मी दाराशी आले तेव्हा बटणवाली फळ्यापाशी उभी होती आणि तिच्या हातात डस्टर होतं. दर रविवारी आल्या आल्या फळा पुसायचं काम तिचं असणार. वर्गात शिरल्यावर हात आपोआप तिकडे गेला असेल. वरून खाली, लांब, नीट पट्टे, कारखान्यातल्या माणसाच्या हातचे. सल्फ्युरिक आम्ल गेलं, चार गेले, पाच आणि त्याभोवतीचा गोल एका फटक्यात गेला नाही म्हणून तिनं तिथं दुसऱ्यांदा हात फिरवला.

मागे वळून तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय झालं, ताई?"

"काही नाही. चहा घ्या."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातातले कप घेतले.

मी बाकावर बसले, विद्यार्थ्यांच्या बाजूला. तिला म्हटलं, "मला शिकवा. बाईंनी सांगितलं तसंच. मी मध्ये मध्ये अडेन."

तिनं खडू घेतला. सुरुवातीला तिचा आवाज कसनुसा होता, मग सुटला. "बाई म्हणाल्या, रेणू म्हणजे शर्ट आणि अणू म्हणजे त्याची बटणं. पाणी म्हणजे तीन बटणांचा शर्ट, दोन लहान, एक मोठं. आता आपण शर्ट एकेक मोजत नाही, डझनानं मोजतो. तसे रेणू मोलानं मोजायचे. डझन म्हणजे बारा. मोल म्हणजे सहा पूर्णांक शून्य बावीस गुणिले दहाचा तेविसावा घात."

शेवटचं तिनं एका श्वासात म्हटलं.

"म्हणजे किती?"

"म्हणजे मोजायच्या भानगडीत पडू नये इतके. बाई म्हणाल्या, पृथ्वी झाली त्या दिवसापासून तुझा कारखाना चालू असता तरी एवढे शर्ट झाले नसते. मी म्हटलं, आमचा सुपरवायझर असता तर झाले असते."

मावशी आतून हसली. ती स्वेटरच्या घड्या घालत होती आणि सगळं ऐकत होती.

"मग अणू कसे काढायचे?"

"आधी शर्ट किती ते काढायचं. मोल गुणिले तो मोठा आकडा. मग एका शर्टाला बटणं किती, त्यानं गुणायचं. बाई म्हणाल्या, निम्मा वर्ग हे दुसरं विसरतो. रेणू मोजतो आणि उठतो. शर्ट मोजून तेवढीच बटणं मागवली तर कारखान्यात काय होईल, असं म्हणायच्या. मी ते नाही विसरत. मी कशी विसरेन? तेच तर माझं काम."

"बरं. पाण्याच्या एका रेणूत?"

"तीन."

"एक मोल पाण्यात?"

"चार मोल अणू." तिनं डोळे मिटले. "झालं ना परत? तीन. मला माहीत आहे तीन. तोंडातून चार येतं. डोकंच तसं आहे माझं."

मी अडले होते, पण चारावर नाही. त्याच्या खूप आधी, त्या मोठ्या आकड्याशी. तो ऐकला की मला पुढचं ऐकू येईनासं होतं, लहानपणापासून. मी म्हटलं, "तो तेविसावा घात माझ्या डोक्यात मावत नाही. मला डझनातच सांगा. तीन बटणांचा शर्ट. एक डझन शर्ट. बटणं किती?"

"अठ्ठेचाळीस."

यावेळी तिनं डोळे मिटले नाहीत. पटकन, सरळ, रोज म्हणतो तसं म्हणाली.

"बारा त्रिक छत्तीस," आतून मावशी.

"छत्तीस कसे?" बटणवालीनं मावशीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर मघाचं अपराधीपण नव्हतं. आमचीच काहीतरी गल्लत होतेय असं तिला वाटत होतं. "छत्तीस काढले तर पुरणार नाहीत."

"का पुरणार नाहीत? मला खरंच कळलं नाही."

ती फळ्यापासून माझ्याजवळ आली. "बघू, ताई," म्हणत तिनं माझ्या शर्टाची खालची कड धरली आणि उलटली. आतल्या शिवणीला, धुण्याच्या सूचना छापलेल्या पट्टीखाली, एक बटण होतं. तो शर्ट मी कित्येक वर्षं घालत होते. ते बटण मी कधी पाहिलं नव्हतं.

"हे जादाचं," ती म्हणाली. "एका शर्टाला बटणं किती, तर तीन. गिऱ्हाईक तेवढीच मोजतं. पण डझनाची बटणं काढायची म्हटली की आतलं धरूनच काढतात. नाही धरलं की माल परत. माझ्या हातून एकदा झालं होतं, सगळी गाडी परत आली. तेव्हापासून मी..." ती थांबली.

मी तिच्याकडे पाहत होते. ती उलटलेल्या कडेकडे पाहत होती. तिच्या बोटांत अजून ते बटण होतं.

"आणि हे कुठल्या मापाचं असतं?" मी विचारलं. "पाण्यात लहानही आहेत, मोठंही आहे."

"जी जास्त असतात त्या मापाचं. तीच तुटतात ना." मग हळूच म्हणाली, "म्हणजे पाण्यात हायड्रोजनचं. सल्फ्युरिक आम्लात ऑक्सिजन चार, म्हणून मी पाच धरायचे. गंधक विचारलं तर बरोबर येणार. हायड्रोजन विचारला तरी बरोबर. बाई म्हणायच्या, कधी बरोबर, कधी चूक, हा काय चमत्कार आहे." ती बाकावर बसली. "एका रेणूचं विचारलं की मी मोजायचे. मोलाचं विचारलं की मी माल काढायचे."

मावशी हातात स्वेटर घेऊन दारात आली. "म्हणजे इतके दिवस तू पाण्याला आतून एक बटण शिवत होतीस?"

बटणवालीनं तोंडावर हात ठेवला, पण हसू थांबलं नाही. मग मला आलं, मग मावशीला. त्या घरात इतक्या दिवसांत कुणी हसलं नव्हतं. ते हसू जरा गंजल्यासारखं निघालं.

"काय चुकलं तिचं?" मावशी डोळे पुसत म्हणाली. "उद्या पाण्याचं एखादं तुटलं तर?"

"तुटलं तर ते पाणी राहत नाही," मी म्हटलं.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. ते वाक्य आईचं होतं. कधीतरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिनं ते म्हटलं असणार आणि मी "हं" म्हटलं असणार. माझ्याकडे ते आहे हे मला ठाऊक नव्हतं.

बटणवाली गंभीर झाली. "पहिल्या दिवशी बाईंनी डझनाचं फळ्यावर करून दाखवलं होतं. छत्तीस लिहिले त्यांनी. मला तेव्हाच खटकलं."

"मग बोलली का नाहीस?" मावशी म्हणाली.

"बाईंना? मला वाटलं, त्यांना शिवणातलं माहीत नाही, आपल्यासाठी सोपं करून सांगताहेत. एवढ्या शिकलेल्या बाई, आपल्यासाठी शर्टाचं उदाहरण शोधून आणताहेत, आणि आपण चूक काढायची? बरं नाही दिसत. पुढे त्या थेट मोलवर गेल्या. डझनाचं पुन्हा कधी आलंच नाही." तिनं मला विचारलं, "रागावल्या असत्या का?"

"नाही. तिला फार आवडलं असतं."

आवडलं असतं, हे मी नक्की सांगू शकते. बाकीचं नाही. त्या बुधवारी मी ती दोन माणसं थांबवून ऐकलं असतं तर काय झालं असतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. आई म्हणाली असती, रेणू म्हणजे शर्ट. मी म्हटलं असतं, मोल नको, डझनात सांग. तिनं विचारलं असतं आणि मी छत्तीसच म्हटलं असतं. आतलं बटण मला कुठून सुचणार? पण ती अडायची जागा तिला कळली असती, आणि रविवारी बटणवाली आल्यावर तिनं स्वतः न सांगता विचारलं असतं, डझनाची किती? तो रविवार तिला मिळाला नाही, ते निराळं. निदान शुक्रवारी जिना चढताना तिच्या डोक्यात तो पाच नसता. कदाचित असताही. आईच्या डोक्यात एकाच वेळी बरंच काही असायचं.

दुपारपर्यंत आम्ही गणितं केली. पाणी, कार्बन डायऑक्साइड, पुन्हा पाणी, सल्फ्युरिक आम्ल. प्रत्येक वेळी उत्तराआधी ती टेबलावर बोट आपटून पुटपुटायची, "आतलं नाही." बहुतेक वेळा जमलं. दोनदा नाही जमलं. परीक्षेच्या खोलीत टेबल आपटून चालणार नव्हतं.

"शर्टच नको," मी म्हटलं. "दुसरं काहीतरी घेऊ. मोटारगाडी. गाडी म्हणजे रेणू, चाकं म्हणजे अणू."

"गाडीला मागे पाचवं चाक असतं," मावशी म्हणाली.

"खरंच की."

"बूट घे. नको, त्याला जादाच्या नाड्या देतात."

आम्ही तिघी खोलीत बघायला लागलो. खोकी, बाटल्या, तक्ता, बाक. मी भिंतीकडच्या आईच्या खुर्चीकडे बोट केलं. "खुर्ची. पाय किती?"

"चार."

"डझन खुर्च्या?"

"अठ्ठेचाळीस," ती म्हणाली, आणि दचकली. मग तिनं मनात पुन्हा मोजलं. "अठ्ठेचाळीसच. खुर्चीबरोबर जादा पाय कुणी देत नाही."

"अमोनिया," मावशी अचानक म्हणाली. आम्ही बघतच राहिलो तेव्हा चिडली. "काय बघताय? तुझ्या आईबरोबर चाळीस वर्षं काढली मी. अमोनियात चार असतात. तेवढं येतं मला."

बटणवाली गेली तेव्हा तक्ता घेऊन गेली. मी आग्रह केला नाही, तिनंच उचलला.

गुरुवारी दुपारी घर जवळपास रिकामं झालं होतं. बाक आणि खुर्ची न्यायला टेम्पो येऊन गेला होता, फळा उतरवलेल्या जागी भिंत जास्त पांढरी दिसत होती. मावशी उरलेल्या कपड्यांचे दोन ढीग करत होती, द्यायचे आणि ठेवायचे. आईचा करडा कोट एका ढिगातून दुसऱ्यात आणि परत पहिल्यात जात होता.

बटणवाली परीक्षेहून सरळ आली. आज तिच्या अंगात झगा नव्हता, त्यामुळे ती दुसरीच कुणी वाटली. बसायला काही नव्हतं म्हणून ती खिडकीच्या कट्ट्याला टेकली.

"आलं होतं?" मावशीनं विचारलं.

"आलं होतं. दोन मोल अमोनिया, एकूण अणू किती."

"आठ मोल," मी म्हटलं. माझं मलाच नवल वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या गणितात मी कुठं अडले नव्हते.

"आठ मोल," ती म्हणाली. "म्हणजे चार पूर्णांक आठ एक सात सहा गुणिले दहाचा चोविसावा घात. खुर्च्याच आठवल्या. बाईंची खुर्ची." निकालाला वेळ होता, आणि एक विद्राव्यतेचा प्रश्न तिचा चुकला होता, झोपेत येणारा. ते सांगताना ती हसत होती. मग म्हणाली, "बाईंना कळायला हवं होतं, ताई."

"हो."

तिची नजर ढिगावर गेली. वरच कोट होता, गळ्याशी पिन लावलेला. ती खाली बसली, तिनं कोट उचलला आणि न विचारता त्याची डावी बाजू उलटली. अस्तराच्या कडेला, खिशाच्या खाली, एक मोठं करडं बटण होतं, कारखान्यातून आलं तसं, दोऱ्यासकट.

मावशी जवळ आली. "अगं बाई. इथंच होतं?"

"असणारच. कोटाला असतंच." ती बटणाकडे पाहत म्हणाली, "थंडीत बाई हा घालूनच शिकवायच्या. दर रविवारी मी ती पिन बघायचे. किती वेळा मनात आलं, म्हणावं, बाई, आत जादाचं असेल बघा, द्या मी लावते. धीर झाला नाही. बाईंच्या कोटाला हात कसा लावायचा." ती थांबली. पुढचं तिच्या लक्षात आलेलं मला दिसलं. एवढं म्हटलं असतं तर आईनं विचारलं असतं, जादाचं म्हणजे काय गं? आणि मग दोघींना एकदमच कळलं असतं.

मी म्हटलं, "ती फोनवर मलाही पिनेचं सांगायची. मी म्हणायचे, दुकानात देऊन टाक."

"आता तरी लाव," मावशी म्हणाली.

बटणवालीनं पर्समधून सुई काढली. तिच्यापाशी ती असणारच. आतलं बटण दातानं दोरा तोडून सोडवलं, पिन काढून मावशीच्या हातात दिली आणि वरच्या जागी चार टाके घेतले, देठ गुंडाळला, गाठ मारली. मावशीला पिन ठेवायला जागा सापडायच्या आत संपलं.

"पण हा घालणार कोण?" मावशी म्हणाली. "मला लांब होतो."

मी घातला. बाह्या आखूड होत्या, तरी काढला नाही. तो घालूनच मी घराची किल्ली खाली दिली, मावशीला तिच्या गाडीत बसवलं आणि माझ्या गाडीची वाट पाहत उभी राहिले. वरचं बटण गळ्याशी घट्ट बसतं. आत, जिथून ते काढलं तिथं, अस्तराला दोऱ्याची बारीक भोकं राहिली आहेत. शनिवारी, आमच्या फोनच्या वेळेला, माझं बोट तिथंच होतं.